रसिकाच्या गणिताची तीन कोटेशनं

डोंबिवलीच्या शुभंकर सोसायटीचे मानद कोषाध्यक्ष भाऊ टिपणीस यांनी मुलीच्या गणितासाठी तीन कोटेशनं मागवली, तेव्हा त्यांच्या मनात काडीचंही पाप नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे काही लिहिलं गेलं ते वाचून एखाद्याला वाटायचं की या माणसाने सोसायटीची पाण्याची टाकीच विकून खाल्ली. टाकी जागेवर आहे. तिची सफाईसुद्धा तीन कोटेशनं घेऊनच होते.

झालं एवढंच, की रसिकाला बारावीनंतर बंगळूरच्या एका संस्थेत गणिताच्या पाच वर्षांच्या पदवीला प्रवेश मिळाला. तिने घरात येऊन सांगितलं, आईच्या गळ्यात पडली, आणि मग बाबांकडे बघून जरा हळू आवाजात म्हणाली, "फी आणि हॉस्टेल धरून आठ लाख होतात. कर्ज मिळतं. पण बँकेचं मंजुरीपत्र पुढच्याच्या पुढच्या सोमवारी पाचच्या आत अपलोड करायचंय. नाहीतर सीट गेली."

भाऊ नको म्हणाले नाहीत. भाऊ म्हणाले, "बघू. दोन्ही बाजू तपासायला हव्यात."

आता भाऊंचंही चुकलं असं म्हणता येत नाही. ठाण्यातल्या एका औषध कंपनीत अकाउंट्समध्ये तेहेतीस वर्षं काढलेला माणूस, पुढच्या वर्षी रिटायर होणार, आणि ज्या पदवीवर आठ लाख लावायचे तिच्यातून बाहेर काय पडतं हे कुणीच धड सांगत नाही. इंजिनिअर झाला की इंजिनिअर होतो. गणित केलं की काय होतो? भाऊंनी हा प्रश्न पत्नीला विचारला. हेमाताई कणीक मळत म्हणाल्या, "तुम्ही तिलाच विचारा की."

"ती हितसंबंधी व्यक्ती आहे," भाऊ म्हणाले. "रंगकामाचं कंत्राट द्यायचं की नाही हे रंगाऱ्याला विचारतात का?"

त्या रात्रीचं जेवण झाल्यावर त्यांनी लॅपटॉप उघडला. नवीन शीट कशाला बनवायची? सोसायटीच्या थकबाकीची एक तयार शीट होती. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या हाताने बनवलेली, आणि नऊ वर्षांत लेखापरीक्षकाने तिच्यावर एकही आक्षेप घेतलेला नव्हता. भाऊंनी तिची कॉपी काढली, वरचं 'थकबाकी' खोडून 'रसिका' लिहिलं, पहिल्या रकान्यात आठ लाख टाकले, आणि कॉलेज पाच वर्षं, नोकरीत रुळायला पाच, अशी दहा वर्षं धरली. शीटने खाली आकडा दिला. चौसष्ट लाख पंधरा हजार.

भाऊंनी चष्मा पुसला. आकडा तोच राहिला.

"हेमा," ते म्हणाले, "चौसष्ट लाख."

"कशाचे?"

"गणिताचे."

हेमाताईंनी आकडा ऐकून पंखा वाढवला. "मग जमिनीखालचं तेल काढायला शिकवतात का तिथे?" त्या म्हणाल्या. "बँकेत जाऊन विचारा आधी."

पण भाऊ घाईने बँकेत जाणाऱ्यांपैकी नव्हते. कर्जाची बाजू कळली होती, आता कमाईची बाजू हवी. त्यासाठी त्यांनी एक अर्ज तयार केला. खरं तर टाकी सफाईचाच अर्ज होता, त्यात त्यांनी थोडे फेरफार केले: मासिक उत्पन्न, शिक्षणासाठी घेतलेले कर्ज, फेडीचा कालावधी. शेवटचा 'दर जीएसटी धरून की वेगळा' हा रकाना काढायचा राहून गेला. छापायला घेतला तर घरात कोरा कागद नाही. असलेला सगळा गठ्ठा सोसायटीच्या लेटरहेडचा. तीनच तर पानं लागणार, आणि ती आपण स्वखर्चाने भरून देऊ, असं म्हणून भाऊंनी तशी नोंद वहीत केली आणि छापून टाकलं. विषय: गणित पदवी, रु. ८,००,००० कर्ज. खाली सही, आणि हाताला सवयच असल्यामुळे सोसायटीचा शिक्कासुद्धा.

रसिकाने विचारलं, "बाबा, काय छापताय?"

"निविदा उघडेपर्यंत गोपनीय," भाऊ म्हणाले आणि कागद उलटे केले.

पहिलं कोटेशन बाळकुमला राहणाऱ्या राजरत्नचं. तो भाऊंच्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा, गणित शिकलेला, आणि विमा कंपनीत माणसं किती वर्षं जगतील याचा हिशोब मांडणारा. सव्विसाव्या मजल्यावर घर, खाली खाडी, वर हवा. त्याने कॉफी दिली, अर्ज वाचला आणि हसू दाबत वर्षाला अडतीस लाख असं लिहिलं. भाऊंना धाप लागल्यासारखं झालं. राजरत्नने आपुलकीने विचारलं, "काका, वय किती तुमचं? बीपीची गोळी चालू आहे? वडील कितव्या वर्षी गेले?" भाऊंनी सगळं सांगितलं. राजरत्न "अच्छा" म्हणाला आणि त्याने साखरेची वाटी हळूच लांब सरकवली. लिफ्टने खाली येईपर्यंत भाऊंना गणित या विषयाबद्दल राग आला होता.

दुसरं कोटेशन धाकू म्हात्रेचं. धाकू बी.एस्सी. गणित, फर्स्ट क्लास, आणि मानपाड्याच्या पुढे रेती-खडीचा धंदा. गळ्यात बोटाएवढी चेन. "बसा काका," तो म्हणाला. "थंड मागवू?"

"पदवीचा धंद्यात उपयोग होतो का?" भाऊंनी पेन काढलं.

"होतो ना. गाडी आत आली का लांबूनच सांगतो, अडीच ब्रास बोलले नि दोनच भरलीय. डायवर लोक मला घाबरतात." मग अर्ज बघून धाकू गंभीर झाला. "काका, हा इन्कमचा रकाना. हे लेटर सरकारी हाय का? शिक्का हाय म्हणून विचारतो."

"छे छे, खासगी आहे."

"मग पोरीसाठी म्हणून सांगतो, चांगला हाय. पण लिहून नाय देणार. जीएसटीचं तर नावच नका काढू." आणि त्याने रकान्यात 'ईश्वरकृपेने बरे' असं लिहिलं. भाऊंना हे कोटेशन नियमात बसत नाही हे कळत होतं, पण थंड पिऊन झालेलं होतं.

तिसरं कोटेशन मोहन्याच्या शालूताईंचं. जुन्या कारखान्याच्या वसाहतीजवळच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं गणित शिकवलं होतं, भाऊंच्या धाकट्या बहिणीलाही. त्यांनी अर्ज व्यवस्थित भरला. पेन्शन एकोणतीस हजार. कर्ज निरंक. जीएसटी लागू नाही. मग भाऊंनी अदबीने दाखवलेला शीटचा कागद त्यांनी चष्मा वर करून पाहिला.

"हा चौसष्ट लाखांचा आकडा कुणी काढला?"

"मीच."

"कुणाकडून तपासून घेतलात?"

"या शीटवर नऊ वर्षांत एक आक्षेप नाही," भाऊ म्हणाले.

"मी ते नाही विचारलं," शालूताई म्हणाल्या. "घरात गणितवाली आहे ना? तिला दाखवा." आणि त्यांनी कागद घडी घालून भाऊंच्या हातात दिला, जसा नापास झालेल्या मुलाच्या हातात देतात तसा.

भाऊ दुखावले. कल्याण स्टेशनला येईपर्यंत ते मनातल्या मनात बाईंना उत्तरं देत होते, आणि एकाहून एक चांगली उत्तरं सुचत होती. पण खरी पंचाईत वेगळीच होती. सोसायटीच्या नियमाप्रमाणे सर्वात कमी रकमेचं कोटेशन मंजूर करायचं असतं. त्या हिशोबाने रसिकाचं भवितव्य एकोणतीस हजार ठरत होतं, आणि वर चौसष्ट लाखांचा डोंगर. भाऊंना दोन रात्री झोप लागली नाही. रसिकाने तर घरात बोलणंच कमी केलं. जेवताना ती फक्त एकदा म्हणाली, "बाबा, पाच दिवस राहिले," आणि ताट घेऊन उठली. ते भाऊंना फार लागलं.

शेवटी हेमाताईंनी त्यांना बँकेत ढकललं. तिथल्या दीप्ती मॅडम भल्या होत्या, पण त्यांचा संगणक भला नव्हता. अभ्यासक्रमाच्या यादीत इंजिनिअरिंग होतं, मेडिकल होतं, ब्युटी अँड वेलनेससुद्धा होतं. गणित नव्हतं. 'इतर' निवडलं की संगणक विचारी, 'इतर म्हणजे काय?', आणि परत तीच यादी दाखवी. अर्ध्या तासाने मॅडमनी कुठेतरी फोन केला आणि गणित 'विज्ञान' या सदराखाली बसलं.

"व्याज वगैरे मी काढून आणलंय," भाऊ म्हणाले.

"मग तर प्रश्नच मिटला," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनीही आकडा बघितला नाही. रांगेत अकरा माणसं होती. "रक्कम मोठी आहे, घराचे पेपर्स तारण लागतील. आणि सोसायटीचं ना-हरकत पत्र. तेवढं आणा, सोमवारी दुपारी मंजुरीपत्र हातात देते."

दुसरा कुणी असता तर नाचत घरी गेला असता. ना-हरकत पत्रावर सह्या दोघांच्या: सचिव आणि कोषाध्यक्ष. कोषाध्यक्ष स्वतः भाऊ. पण भाऊंनी घरी येऊन टिपणिसांनी टिपणिसांना ना-हरकत देणं कसं नियमाला धरून नाही हे हेमाताईंना पंधरा मिनिटं समजावलं. हेमाताई म्हणाल्या, "तुमची तुम्हालाच हरकत असेल तर मग कठीण आहे."

त्याच संध्याकाळी सगळं फुटलं. धाकूने प्रामाणिकपणे अर्जाची एक झेरॉक्स काढून सोसायटीच्या पत्त्यावर पाठवून दिली होती, 'रेकॉर्डसाठी'. ती उघडीच होती, आणि खालच्या टपालाच्या काचेच्या पेटीत ती नेमकी ३०२ मधल्या साईनाथ कोळेकरला दिसली. साईनाथचा एमआयडीसीत ग्रिल बनवायचा कारखाना. याच साईनाथने बाथरूमच्या गळतीचा निषेध म्हणून चार वर्षं मेंटेनन्स भरला नव्हता, आणि भाऊंनी गेल्या दिवाळीत तो व्याजासकट पै न पै वसूल केला होता. त्यामुळे दोघं एकमेकांना लिफ्टमध्ये फक्त मजला विचारत.

साईनाथने फोटो ग्रुपवर टाकला. 'सोसायटी ८ लाख कर्ज काढतेय. मेंबरना पत्ता नाही. गणित पदवी कोणासाठी? शिक्का बघा.' दहा मिनिटांत बत्तीस निरोप. कुणी विचारलं वॉचमनला शिकवणार का, कुणी हात जोडले, आणि एका काकांनी नेहमीप्रमाणे सुप्रभातचं फूल टाकलं. सचिव अनिमेष कर्णिक हा तरुण मुलगा घरून काम करायचा आणि दिवसभर कुठल्या तरी परदेशी मीटिंगमध्ये कानाला हेडफोन लावून असायचा. त्याने लिहिलं, 'रविवारी विशेष सभा घेऊ. एनओसी पण तिथेच ठरवू. तोपर्यंत मी सही करत नाही, सॉरी काका.'

नऊ वर्षं. नऊ वर्षांत भाऊंनी सोसायटीची पिनसुद्धा घरी नेली नव्हती. त्यांना त्या रात्री दूधही गोड लागलं नाही. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की रविवारी सभेने नाही म्हटलं तर सोमवारी रसिकाची सीट जात होती. आणि सभेत साईनाथ होता.

रविवारी सकाळी दहाला खालच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. दहाला चौघं आले. मग रिवाजाप्रमाणे गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब झाली, आणि तहकूब झाल्याचं कळताच सगळे खाली आले. त्या अर्ध्या तासात चहाबरोबर भाऊंना सल्ले मिळाले. एकाने सांगितलं, गणितापेक्षा बी.कॉम. करा, लग्नाला बरं. एकाने सांगितलं, माझ्या भाच्याने गणित केलं, आता तो कुणाशी बोलत नाही. पहिल्या मजल्यावरच्या हौसाबाई मात्र म्हणाल्या, "पोरगी माझं गॅसचं सबसिडीचं सगळं बघून देते. तिला जाऊ द्या की कुठं जायचं तिथं."

साडेदहाला साईनाथ उभा राहिला. "भाऊ, आमच्याकडून पैशापैशाचा हिशोब घेता ना? मग आज तुम्ही द्या. हे पेपर काय आहेत?"

"सभेपुढे ठेवतो," भाऊ म्हणाले. आणि त्यांनी सगळं सांगितलं: लेटरहेडच्या तीन कागदांचे भरलेले पैसे, कोटेशनं, ना-हरकत पत्र. आणि शेवटी चौसष्ट लाखांची शीट सूचनाफलकावर टाचणीने लावली. सभेपुढे ठेवलेला कागद कुणापासून गोपनीय राहत नाही. त्यामुळे स्कूटरला टेकून उभ्या असलेल्या रसिकाने तो आठवड्यात पहिल्यांदा पाहिला.

ती जवळ गेली. एकदा वाचला. मग बोट ठेवून परत वाचला. "बाबा, हे..."

"थांबा," साईनाथ म्हणाला. "मेंबर नाही ती. नॉन-मेंबरला सभेत बोलता येत नाही. तुम्हीच सांगता नेहमी."

सगळ्यांनी भाऊंकडे बघितलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "नियम आहे. रसिका, खाली बस."

तेव्हा हेमाताई उठल्या. "घरावर माझं नाव आहे ना? मग मी बोलते." भाऊ संयुक्त सभासदाच्या अधिकाराबद्दल काहीतरी सांगणार होते, पण हेमाताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की उपविधीतलं ते कलम त्यांना आठवेना. रसिका आईच्या कानात बोलू लागली आणि हेमाताई मोठ्याने सांगू लागल्या.

"ती म्हणते, बँकेचा व्याजदर साडेनऊ टक्के आहे. या शीटमध्ये... काय गं? हां, एकवीस टक्के आहे. एकवीस टक्के सोसायटी थकबाकीदारांना लावते. बाबांनी तीच शीट वापरली." हेमाताई भाऊंकडे वळल्या. "म्हणजे तुम्ही आपल्या पोरीला थकबाकीदार धरलंत?"

पार्किंगमध्ये हशा पिकला. भाऊ फलकाजवळ गेले. वरच्या कोपऱ्यात, त्यांनी नऊ वर्षांपूर्वी स्वतः बारीक अक्षरात आखून ठेवलेल्या रकान्यात, एकवीस होतं.

"ती म्हणते," हेमाताईंना आता रंग चढला होता, "कर्ज दर वर्षी थोडं थोडं मिळतं, एकदम नाही. नोकरी लागल्यावर दहा वर्षं महिना सव्वाचौदा हजार हप्ता. तेवढं ती शिकवण्या घेऊन पण भरेल. आणि ती म्हणते... हे मला नाही कळत, तू सावकाश सांग. हां. या शीटमध्ये व्याजावर व्याज लागतंय. दर महिन्याला. आणि सोसायटीच्या उपविधीत सरळ व्याज लिहिलंय."

साईनाथने चहाचा कप खाली ठेवला. "व्याजावर व्याज म्हणजे? माझ्याकडून घेतलं तेपण?"

रसिका आईच्या कानात कुजबुजली. "ती म्हणते, हो," हेमाताई म्हणाल्या. "मेंटेनन्स आपल्याएवढाच, चार वर्षांचा धरला तर साडेएकोणीस हजारांच्या आसपास जास्त घेतले."

"अहो मग मुलीला बोलू द्या की," साईनाथ म्हणाला. "कसले नियम लावताय? ये बाळा, इकडे ये. खुर्ची द्या रे तिला."

रसिका बोलली. भाऊ उभे राहून ऐकत होते. नऊ वर्षांचं निष्कलंक रेकॉर्ड त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच घरातून, पाच मिनिटांत गेलं. आजवर थकबाकी वसूल केलेल्या सहा घरांना मिळून एकसष्ट हजार परत द्यायचे निघाले. लाजेने कान तापले होते. आणि तरीही, खरं सांगायचं तर, मुलगी फलकावर पेनाने एकेक ओळ खोडत पुढे जात होती आणि साईनाथसारखा माणूस मान डोलावत होता, तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की तो लपवायला ते पाणी प्यायला गेले. आठ दिवस ते बाळकुम, मानपाडा, मोहने असं हिंडले होते आणि शेजारच्या खोलीत बसलेल्या पोरीला त्यांनी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

ना-हरकत पत्राचा ठराव साईनाथने मांडला. अनुमोदन हौसाबाईंचं. अनिमेषने हेडफोन काढून सही केली. 'मुलीला गणितच द्यावे, इतर काही देऊ नये' अशी दुरुस्ती साईनाथने सुचवली ती भाऊंनी नियमात बसत नाही म्हणून नाकारली. सोमवारी दुपारी अडीचला दीप्ती मॅडमनी मंजुरीपत्र दिलं, आणि चार वाजून दहा मिनिटांनी ते अपलोड झालं. पन्नास मिनिटं शिल्लक राहिली म्हणून भाऊ उगाचच बँकेच्या दारात उभे राहिले.

संध्याकाळी ते इतिवृत्ताची वही घेऊन बसले. 'लेखाविषयक आक्षेप' या रकान्यात नऊ वर्षं त्यांनी सुंदर अक्षरात 'निरंक' लिहिलं होतं. त्यांनी पेन उघडलं आणि लिहिलं, 'आक्षेप एक. घेणार: कु. रसिका टिपणीस. आक्षेप योग्य.' मग तीन कोटेशनांचा तुलनात्मक तक्ता काढला आणि राजरत्न, धाकू, शालूताई यांच्याखाली चौथी ओळ आखली. नाव: रसिका. शिक्षण: बारावी. कमाई: एकसष्ट हजार, पैकी रुपये एकोणीस हजार पाचशे अडुसष्ट साईनाथ यांची. कर्ज: काढायचे आहे.

त्यानंतर त्यांनी परताव्याचा हिशोब नव्याने मांडला, सरळ व्याजाने, सहाही घरांचा. साईनाथचा चेक लिहिला. सही करायच्या आधी थांबले, उठले, आणि वही घेऊन रसिकाच्या खोलीत गेले.

"जरा बेरीज बघ गं."

रसिकाने वर पाहिलं. "मी हितसंबंधी आहे ना पण?"

"आहेस," भाऊ म्हणाले, आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. "म्हणून तर आणलीय."